दहा हजार अणूंचा पुंजका

आज आर्गनची गोष्ट सांगायलोय. मधे प्रश्न पडला की लगेच विचारा, गोष्ट संपायची वाट बघू नका.

आर्गन आपल्या हवेतलाच एक वायू. हवेत नायट्रोजन सगळ्यात जास्त, मग ऑक्सिजन, आणि तिसरा नंबर ह्याचा. शंभरात एक भागसुद्धा पुरता नाही, 0.93 टक्के. तरी आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो, तिच्यात साडेचार मिलिलिटर आर्गन असतोच. आत जातो तसा बाहेर येतो. शरीर त्याला हात लावत नाही, तो शरीराला लावत नाही. स्टीलचे रेलिंग, गेट बनवणाऱ्या दुकानात एक उंच सिलिंडर उभा असतो ना, त्यात बऱ्याचदा हाच भरलेला असतो. तापून लाल झालेल्या सांध्याला हवेतला ऑक्सिजन लागला तर सांधा खराब होतो. म्हणून वेल्डिंग करताना सांध्याभोवती आर्गन सोडतात. रंग नाही, वास नाही, जळणं नाही, कोणाशी संयोग पावणं नाही.

इतका गप्प वायू, मग तो सापडला कसा? लॉर्ड रॅले नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने नायट्रोजन तोलला. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला 1.257 ग्रॅम भरला आणि रसायनांतून तयार केलेला 1.250 ग्रॅम. फरक बघा केवढासा! दुसऱ्या कोणी 'तराजूची चूक' म्हणून सोडून दिलं असतं. रॅलेने सोडलं नाही. विल्यम रॅमसे त्याच्या जोडीला आला आणि 1894 मध्ये दोघांनी मिळून हवेत दडलेला हा जडसा वायू उजेडात आणला. हाच रॅमसे पुढे जमशेटजी टाटांच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आला होता. टाटांना विज्ञानाची मोठी संस्था काढायची होती, ती कुठे काढावी हे सांगायला तो देशभर फिरला आणि त्याने बंगळूरचं नाव सुचवलं. टाटांच्याच पैशाच्या आधाराने 1945 मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. मुंबईला कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून तिची इमारत आहे. आपल्या गोष्टीतला आर्गन तिथेच जाणार आहे. आणि तिथे ह्या गप्प आर्गनमधून क्ष-किरण निघणार आहेत.

"क्ष-किरण म्हंजे एक्स-रे ना आबा? माझ्या हाताचा काढला होता तसला?"

तोच. आता तुझा एक्स-रे निघाला कसा ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्या यंत्रात एक काचेची किंवा धातूची बंद नळी असते, आतली हवा पूर्ण काढून टाकलेली. एका टोकाला तापलेली तार. तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोर टंगस्टन धातूचं लक्ष्य. दोन्हींच्या मधे साठ-सत्तर हजार व्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन सुसाट धावत जाऊन टंगस्टनवर आदळतात. आदळताना दोन गोष्टी होतात. धावता इलेक्ट्रॉन एखाद्या अणूच्या केंद्राजवळून जाताना वळतो, त्याचा वेग एकदम कमी होतो, आणि गमावलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. ही पहिली. दुसरी अशी, की धावता इलेक्ट्रॉन अणूच्या अगदी आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला धक्का मारून बाहेर काढतो. आत जागा रिकामी झाली की वरच्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन खाली उतरतो, आणि उतरताना ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण सोडतो. विल्हेल्म राँटगेनला हे किरण 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये पहिल्यांदा दिसले. डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचा फोटो काढला. बोटातली अंगठी आणि आतली हाडं त्यात स्वच्छ दिसतात. 1901 मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यालाच मिळालं.

म्हणजे क्ष-किरण हवे असतील तर वेगवान इलेक्ट्रॉन पाहिजेत, हे पक्कं झालं. आता आर्गनची मांडणी कोण सांगतं? नववीत शिकवलीय.

"दोन, आठ, आठ!"

शाब्बास. आर्गनकडे 18 इलेक्ट्रॉन. के कक्षेत 2, एल मध्ये 8, एम मध्ये 8. सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडवायला 15.8 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. आणि के मधला, केंद्राला चिकटून बसलेला इलेक्ट्रॉन सोडवायला 3206. दोनशे पट! तिथे जागा रिकामी झाली आणि एल मधला इलेक्ट्रॉन खाली आला, की 2,960 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा क्ष-किरण निघतो. ही आर्गनची सही समजा. हा आकडा दिसला की किरण आर्गनचाच, दुसऱ्या कोणाचा नाही.

आणि आपल्या हातात काय आहे? लेसर. डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा, लाल रंगाच्याही पलीकडचा, 800 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. त्याच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा 1.55 इलेक्ट्रॉनव्होल्ट. आर्गनच्या क्ष-किरणाची ऊर्जा त्याच्या एकोणीसशे पट. एका प्रकाशकणाने तर बाहेरचा इलेक्ट्रॉनसुद्धा हलत नाही. मग दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रकाशातून तीन हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण काढायचा कसा? ही ह्या गोष्टीतली खरी अडचण.

आधी लेसरचं सांगतो. आपल्याच भागातल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारा लायगो प्रकल्प होतोय, त्याला एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारची अंतिम मंजुरी मिळाली. तिथलाही लेसरच, पण तो अखंड आणि स्थिर तेवत राहणारा. आपला लेसर त्याच्या उलट आहे. तो ठोके देतो. एक ठोका शंभर फेमटोसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढ्या वेळात प्रकाश, जो सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, तो केसाच्या जाडीएवढंही अंतर ओलांडत नाही. म्हणजे हा ठोका हवेतून चाललेला प्रकाशाचा एक पापुद्राच.

त्या पापुद्र्यात ऊर्जा किती? दहा मिलिज्यूल धरा. एक ग्रॅम वजन मीटरभर उचलायला लागते तेवढीच. पण ती इतक्या थोड्या वेळात दिली जाते की शक्ती काढायला गेलात तर एक लाख मेगावॅट येते. परळीच्या औष्णिक केंद्रातले 250 मेगावॅटचे तीन संच मिळून 750 मेगावॅट. करा हिशेब. एवढी शक्ती थेट काचेतून, आरशावरून नेली तर काच आणि आरसे जळून जातील. म्हणून डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांनी 1985 मध्ये एक युक्ती काढली. ठोका आधी हजारो पट लांबवायचा, म्हणजे त्याची तीव्रता उतरते, मग त्यात ऊर्जा भरायची, आणि शेवटी पुन्हा आखडून पहिल्याएवढा करायचा. 2018 मध्ये ह्या कामाला नोबेल मिळालं. भिंगाने किंवा वक्र आरशाने असा ठोका केसापेक्षाही बारीक बिंदूवर आणला की तिथे एका चौरस सेंटिमीटरला एकावर सोळा शून्यं एवढे वॅट होतात.

"मग मारायचा की आर्गनवर!"

मारून बघितलं लोकांनी. साधा वायू घेतला तर अणू एकमेकांपासून लांब लांब. लेसर त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन काढतो खरा, पण सुटलेल्या इलेक्ट्रॉनला आदळायला जवळ कोणी नाही. बराचसा प्रकाश सरळ पलीकडे निघून जातो. बरं, मग घन पदार्थ घ्यावा. तिथे अणू दाटीने आहेत, इलेक्ट्रॉन आदळतात, क्ष-किरणही निघतात. पण घन पदार्थाचा पृष्ठभाग गुळगुळीत असला तर बराच प्रकाश परत फिरतो, आणि जी उष्णता आत शिरते ती आतल्या थंड भागाकडे पळून जाते. काळ्या रानात घागरभर पाणी ओतलं तर क्षणात जिरून जातं, हाताला ओलसुद्धा लागत नाही. तेच पाणी तांब्यात ओतलं तर तांब्या काठोकाठ भरून सांडतो. आपल्याला तांब्या पाहिजे. म्हणजे काय पाहिजे? आत घन पदार्थासारखी दाटी, आणि बाहेर चहूकडे मोकळं, उष्णतेला पळायला वाट नाही, असं काहीतरी.

ते म्हणजे अणूंचा पुंजका.

पुंजका तयार कसा होतो, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं आहे. थंडगार सोड्याच्या बाटलीचं टोपण उघडलं की तोंडाशी क्षणभर पांढरी वाफ दिसते. ती वाफ नव्हेच, ते धुकं. आत दाबाखाली असलेला वायू एकदम बाहेर पसरला, पसरताना थंड झाला, आणि त्याच्यातल्या पाण्याच्या वाफेचे बारीक थेंब झाले. प्रयोगशाळेत अगदी हेच करतात. आर्गन काही पट ते काही दहापट वातावरणाच्या दाबाखाली ठेवायचा. समोर पूर्ण निर्वात केलेली पोलादी टाकी. मधे केसाएवढ्या ते सुतळीएवढ्या भोकाची निमुळती तोटी, आणि तिच्यावर क्षणभर उघडून मिटणारी झडप. झडप उघडली की आर्गन निर्वातात झेपावतो. इतका झपाट्याने पसरतो की त्याचं तापमान शून्याखाली खूप उतरतं. एरवी कोणालाही न धरणारे आर्गनचे अणू अशा थंडीत एकमेकांना चिकटतात. त्यांच्यातली ओढ फार क्षीण असते, पण तेवढ्या थंडीत ती पुरते. दोनशे अणूंचे, हजार अणूंचे, दहा हजार अणूंचे पुंजके होतात. मागचा दाब वाढवला की पुंजके मोठे होतात. ओट्टो हॅगेना ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दाब, तापमान आणि तोटीचं भोक यांवरून पुंजक्याचा आकार काढायचं सूत्र दिलंय, ते आजही जगभर वापरतात.

दहा हजार अणूंचा पुंजका केवढा? जेमतेम दहा नॅनोमीटर. लेसरच्या एका तरंगात असे ऐंशी पुंजके ओळीने मावतील. त्यात इलेक्ट्रॉन एकूण एक लाख ऐंशी हजार. दोन पुंजक्यांच्या मधे मात्र पुष्कळ मोकळी जागा. जवळून बघावं तर घन पदार्थ, लांबून बघावं तर वायू. ही दोन्ही रूपं एकाच वेळी असणं, ह्यातच सगळी गंमत आहे.

आता ठोका येतोय. सावकाश ऐका, कारण सगळं शंभर फेमटोसेकंदांत होणार आहे आणि मी ते चार मिनिटं सांगणार आहे.

ठोक्याची सुरुवात हळू होते, तीव्रता चढत चढत जाते. ती माथ्यापर्यंत पोचायच्या पुष्कळ आधी, चाळिसाव्या हिश्श्यावर असतानाच, लेसरचं विद्युतक्षेत्र एवढं होतं की आर्गनचा बाहेरचा इलेक्ट्रॉन अणूत राहू शकत नाही. प्रत्येक अणूतून एक, मग दुसरा, असे इलेक्ट्रॉन सुटतात. इथे साधा वायू असता तर ते इलेक्ट्रॉन लांब निघून गेले असते. पुंजक्यात तसं होत नाही. काही इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण ते पडले की पुंजका धनभारित होतो आणि उरलेल्यांना मागे ओढतो. म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून सुटले, पुंजक्यातून नाही सुटले. दहा नॅनोमीटरच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन आणि आयन यांची खळबळ सुरू होते. ह्याला म्हणतात नॅनोप्लाझ्मा.

आता लेसरचं क्षेत्र ह्या इलेक्ट्रॉनांना मागे-पुढे हेलकावत राहतं. शंभर फेमटोसेकंदांत सदतीस-अडतीस हेलकावे. प्रत्येक हेलकाव्यात इलेक्ट्रॉन शेजारच्या आयनांवर आदळतात, वाट बदलतात, आणि प्रत्येक आदळण्यात लेसरची थोडी ऊर्जा त्यांच्याकडे राहून जाते. एका प्रकाशकणाने जे जमत नव्हतं ते असं थेंबाथेंबाने जमायला लागतं. तापलेले इलेक्ट्रॉन अणूंमधून आणखी इलेक्ट्रॉन पाडतात. एम कक्षा रिकामी होते, एल कक्षेला गळती लागते. तापल्यामुळे आणि एकमेकांना ढकलणाऱ्या धनभारामुळे पुंजका फुगू लागतो.

आणि फुगता फुगता एक नेमका क्षण येतो. दाटीने असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जथ्याला स्वतःची एक आंदोलनाची गती असते. सुरुवातीला दाटी जास्त, म्हणून ती गती लेसरच्या हेलकाव्यांपेक्षा जास्त असते, दोघांचं जुळत नाही. पुंजका फुगला की दाटी कमी होते, गती उतरते, आणि उतरता उतरता ती लेसरच्या गतीशी बरोबर मिळते. त्या वेळी पुंजक्याच्या आतलं क्षेत्र बाहेरच्यापेक्षाही मोठं होतं आणि पुंजका प्रकाश अक्षरशः पिऊन टाकतो. ज्या झोतातून, साधा वायू असता तर, बहुतेक प्रकाश पार झाला असता, त्याच झोतात पुंजके असले की प्रकाशाचा मोठा भाग तिथेच शोषला जातो. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चढते. आता त्यांच्यातला एखादा 3206 ची मर्यादा ओलांडून एखाद्या अणूच्या के कक्षेवर जाऊन आदळतो. तिथला इलेक्ट्रॉन उडतो. वरचा खाली येतो. आर्गनचा क्ष-किरण निघतो.

"आबा, म्हंजे दवाखान्यातल्या नळीतलंच सगळं, पण तार नाही, व्होल्ट नाही, टंगस्टन नाही!"

बरोबर बोललीस. साठ हजार व्होल्टची नळी दहा नॅनोमीटरच्या गोळ्यात मावली, आणि तीही नुसत्या प्रकाशाने चालवली. ह्याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

पुढचं थोडक्यात. ठोका सरतो. पुंजक्याचे तुकडेसुद्धा उरत नाहीत, सगळे आयन भरधाव चहूकडे फुटतात. टाकीचे पंप उरलेला वायू ओढून घेतात. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानंतर झडप पुन्हा उघडते, नवे पुंजके, नवा ठोका. घन पदार्थावर लेसर मारला की तिथे खड्डा पडतो, दर वेळी नवी जागा पुढे सरकवावी लागते, उडालेला धातू आरशांवर बसतो. पुंजक्यांचं तसं नाही. लक्ष्य आपोआप ताजं होतं आणि कचरा होत नाही.

हे क्ष-किरण मोजायचे कसे, ह्यात फार चिकाटी लागते आणि तीच मला सर्वांत आवडते. मोजणाऱ्या यंत्रापुढे धातूचा पातळ पापुद्रा लावतात, म्हणजे लेसरचा प्रकाश आत येत नाही, क्ष-किरण तेवढे येतात. पण एका ठोक्यातले सगळे क्ष-किरण एकदमच निघतात. दोन किरण एकाच वेळी यंत्रात शिरले तर यंत्र त्यांना वेगळं ओळखत नाही, दोघांची बेरीज करून एकच मोठा किरण दाखवतं. तीन हजारांचे दोन आले की सहा हजारांचा एक! म्हणून यंत्र लांब ठेवतात, समोर बारीक छिद्र ठेवतात, इतकं की पुष्कळशा ठोक्यांत काहीच दिसू नये आणि कधीतरी एखादा किरण यावा. मग सेकंदाला दहा ठोके, तासाला छत्तीस हजार, असे तासन्‌तास मोजत बसायचं. एक एक किरण वहीत जमा होतो आणि शेवटी आलेखावर आर्गनच्या सहीचं टोक उगवतं.

पुंजक्यांचं हे रहस्य जगाला कळायला 1994 पासून सुरुवात झाली. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स ऱ्होड्स यांच्या गटाने झेनॉनच्या पुंजक्यांतून चार ते पाच हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण मिळवले. 1997 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात टॉड डिटमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फुटणाऱ्या झेनॉनच्या पुंजक्यातून दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे आयन सुटतात आणि काहींचे तर चाळीस-चाळीस इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरला डिटमायर यांनीच ड्युटेरियमचे पुंजके फोडून त्यांच्यात अणुसंमीलन घडवलं. सूर्याच्या पोटात होतं त्या जातीचं. त्यातून वीज मिळणार नाही हे आजच सांगून ठेवतो, कारण अशा बातम्या आल्या की लोक लगेच फुकट विजेचं बोलू लागतात. टेबलावर मावणाऱ्या यंत्राने संमीलन घडलं, हेच पुष्कळ आहे.

आणि ह्याच काळात मुंबईत, कुलाब्याला, आपली माणसं ह्याच कामात होती. 2001 मध्ये टाटा संस्थेतल्या व्ही. कुमारप्पन, एम. कृष्णमूर्ती, दीपक माथुर आणि लोकेश त्रिबेदी यांनी दोनशे ते दहा हजार अणूंच्या आर्गनच्या पुंजक्यांमधून निघणारे क्ष-किरण मोजले. लेसरच्या क्षेत्राचे हेलकावे सरळ रेषेत असले तर काय होतं आणि ते गोल फिरते असले तर काय होतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी कुमारप्पन, कृष्णमूर्ती आणि माथुर यांनी पुंजक्याच्या स्फोटाबद्दल आणखी एक गोष्ट दाखवली. गोल पुंजका फुटला तर तो सगळीकडे सारखाच फुटेल असं वाटतं. तसं होत नाही. लेसरच्या क्षेत्राचे हेलकावे ज्या दिशेत, त्या दिशेत जास्त ऊर्जेचे आयन निघतात. म्हणजे तापलेलं भांडं फुटावं असा हा नुसता उष्णतेचा स्फोट नाही, त्यात प्रकाशाच्या दिशेचाही हात आहे.

पुढे 2013 मध्ये कृष्णमूर्तींच्या गटाने आणखी नवल केलं. फुटलेल्या आर्गनच्या पुंजक्यातून दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे आयन धावत निघतात. झोताच्या कडेला जे पुंजके पूर्ण फुटत नाहीत, नुसते उद्दीपित होतात, ते ह्या धावत्या आयनांना आपले इलेक्ट्रॉन देतात. आयन पुन्हा पूर्ण अणू होतो, वेग मात्र तोच. विद्युतभार नाही म्हणून त्याला चुंबक वळवू शकत नाही, तो सरळ जातो. विद्युतभार नसलेल्या अणूला एवढा वेग द्यायचा छोटा, टेबलावरचा मार्ग त्यातून सापडला. 'नेचर फिजिक्स' ह्या नावाजलेल्या नियतकालिकात ते छापून आलं.

ह्याच संस्थेत जी. रवींद्र कुमार, पुषण अय्यूब आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये वेगळी वाट घेतली. गुळगुळीत धातूवर तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिला आणि त्यावर शंभर फेमटोसेकंदांचा ठोका मारला. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण तेरा पट मिळाले. आणि 2012 मधली गोष्ट तर मला सगळ्यांत जास्त भावते. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेवर जिवाणूंचा थर दिला. कोणते? ई. कोलाय, आपल्या आतड्यात असतात तेच. नुसत्या काचेपेक्षा जिवाणूंच्या थरातून शंभर पटींहून जास्त क्ष-किरण निघाले. कारण इथे त्यांचा जीव कामाचा नव्हता, त्यांचा लांबुळका, सूक्ष्म आकार कामाचा होता. आर्गनच्या पुंजक्यावर जे शिकलं त्याचाच हा पुढचा धडा. प्रकाश सपाट मोठ्या वस्तूवरून परततो आणि सुट्या अणूंमधून पार होतो. ह्या दोघांच्या मधे जे आहे, त्यात तो अडकतो.

"पण आबा, ह्याचा उपयोग काय?"

उपयोग विचारलास ते बरं केलंस. हे क्ष-किरण अत्यंत थोड्या वेळात निघतात. दवाखान्यातला एक्स-रे हाड कुठे मोडलं ते दाखवतो. इतका क्षणिक किरण मिळाला तर स्फटिकातले अणू हलताना कसे दिसतात, रसायनाचा बंध तुटताना काय होतं, ह्याची चित्रं घेता येतात. आणि एक जवळचं उदाहरण तुमच्या खिशात आहे. नव्या मोबाइलमधल्या सर्वांत बारीक चिप्स कोरायला 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश लागतो, क्ष-किरणांचा शेजारीच म्हणा. तो कसा काढतात? वितळलेल्या कथिलाचे केसाहून बारीक थेंब सेकंदाला पन्नास हजार ह्या वेगाने सोडतात आणि प्रत्येक थेंबावर लेसर मारतात. ह्या कामासाठी झेनॉनचे पुंजकेही एकेकाळी तपासले गेले होते, शेवटी कथिल जिंकलं. रवींद्र कुमार यांना 2003 मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, 2015 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पण मला वाटतं, आर्गनचा प्रश्न हाती घेणाऱ्यांपैकी कोणीही मोबाइल डोळ्यांसमोर ठेवून बसलं नव्हतं. अणू एकटा असताना वेगळा वागतो आणि दहा हजारांत असताना वेगळा, हे असं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

पोरं झोपायला गेली. आता हे वाचणाऱ्या मोठ्यांशी, विशेषतः आपल्या भागातल्या शिक्षकांशी आणि पालकांशी दोन शब्द बोलायचेत.

लातूर पॅटर्नने आपल्या मुलांना अभ्यासाची बैठक दिली, हे मी मनापासून मानतो. पण अकरावी-बारावीच्या वर्गात आज कोणाला विचारा, डॉक्टर किंवा इंजिनिअर यांपलीकडे उत्तर येत नाही. भौतिकशास्त्र हा तिथे गुण मिळवायचा विषय उरलाय. त्याच मुलांना नववीत 'दोन, आठ, आठ' पाठ असतं आणि त्या आठातला एक इलेक्ट्रॉन खाली उतरला की काय निघतं हे ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात, हे मी आज पुन्हा बघितलं. बी.एस्सी. करणाऱ्या मुलांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस नावाचा कार्यक्रम आहे. टाटा संस्थेचा व्हीएसआरपी आहे, त्यात निवड झालेली कॉलेजची मुलं उन्हाळ्याचे काही आठवडे तिथल्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करतात. अर्जाची माहिती दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर असते. लातूरहून रात्री निघालेली गाडी सकाळी मुंबईला सीएसएमटीवर पोचते, आणि तिथून कुलाबा काही लांब नाही. वर्गात एखादं लेकरू 'असं का?' म्हणून अडून बसत असेल, तर त्याला हे दोन पत्ते द्या आणि अर्ज भरायला शेजारी बसा.